कंडक्टरबाईंचा मुलगा

"हा माझा," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि सात नंबरच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या.

बंदरावर बॉम्ब पडून सहा तास झाले होते. सकाळी माणसं चहा पीत असताना विमानं आली आणि अर्ध्या तासात नऊ जहाजं बुडवून गेली; त्यांतली दोन तिथेच बंदरात कोसळली. पेटत्या तेलातून बाहेर काढलेल्या पोरांच्या अंगावर ना कपडे उरले होते, ना बिल्ले. चेहरे पट्ट्यांखाली. म्हणून वॉर्डात एक रीत पडली होती. कोणी येऊन 'हा आमचा' म्हटलं की सिस्टर खाटेच्या पाटीवर तसं लिहून टाकायची. कोणी हातावरून ओळखायचं, कोणी कानावरून, कोणी नुसतं उंचीवरून. दुसरा इलाजच नव्हता.

सात नंबरवर तिने लिहिलं, 'कंडक्टरबाईंचा मुलगा'.

दोघींनी मिळून त्याच्या अंगावरचं तेल पुसलं. पायांपर्यंत आल्यावर बाईंचा हात थांबला. त्यांनी वाकून तो पाय नीट पाहिला. मग त्यांनी चादर खाली ओढली.

"पाणी बदलून आणता का, सिस्टर?"

हातपाय गळाले असणार, सिस्टरला वाटलं. आईच ती.

बाईंना शहरात कोण ओळखत नव्हतं? शेजारच्या देशांत तीन वर्षं लढाई चालू होती आणि इकडे जो तो म्हणायचा, आपण बरं, आपलं घर बरं. बाई एक पाऊल पुढे. तिकिटाबरोबर त्या युद्धाविरुद्धच्या अर्जावर सही घ्यायच्या. "सही नाही तर पुढच्या स्टॉपला उतरा," असा दम भरायच्या आणि स्वतःच हसायच्या. चार हजार सह्या जमवल्या होत्या त्यांनी.

तिसऱ्या दिवशी एक फोटोवाला आला. पट्ट्यांनी गुंडाळलेला हात आणि त्याच्यावर बाईंचा हात, एवढंच त्याने टिपलं.

"हे छापू नकोस," बाई म्हणाल्या.

"देशाने बघायला हवं, बाई."

"माझं ऐक. नको छापूस."

त्याने छापलं. दुसऱ्या दिवशी देशातल्या प्रत्येक पेपरात तो फोटो होता, खाली ओळ होती, 'हिने शांतता मागितली होती'. सभागृहात युद्धाला विरोध करणाऱ्यांचा म्हातारा पुढारी पेपर हातात धरून उठला आणि म्हणाला, "आता आमचाही नाइलाज आहे." संध्याकाळपर्यंत युद्ध जाहीर झालं.

बसमधले रोजचे प्रवासी फळं घेऊन वॉर्डात येऊ लागले. खाली मान घालून म्हणायचे, "बाई, त्या अर्जावरची आमची सही खोडा."

"खोडते. आता घरी जा," बाई म्हणायच्या.

मुलाचा मित्र भेटायला आला तर त्यालाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "बघण्यासारखं राहिलं नाही रे," म्हणाल्या.

रोज सकाळी मात्र त्या खाली जाऊन भिंतीवरची मेलेल्यांची यादी वाचून यायच्या. सिस्टरने एकदा विचारलं, "तुमचा तर सापडला, मावशी. मग कशाला जिवाला त्रास?"

"सवय. बस रिकामी झाली तरी एकदा सगळ्या सीटा बघून याव्या लागतात."

सहाव्या दिवशी त्या खालून फार उशिरा वर आल्या. डोळे लाल होते. गल्लीतल्या कोणाचं तरी नाव असेल, असं सिस्टरने मनाशी म्हटलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पोराला ओठांवरच्या पट्टीच्या फटीतून चमच्याने पातळ पेज भरवायला घेतली. ताप एकशे चारच्या खाली येत नव्हता. "हा उतरला तर वाचेल," डॉक्टर म्हणाले होते. बाई रात्रंदिवस कपाळावरची घडी बदलत होत्या. सिस्टरनेही त्या पोरासाठी जिवाचं रान केलं. हे एक तरी वाचावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आठव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ भरतीचा कागद दाखवायला आला. एकोणीस वर्षांचा. बाईंच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाचा बदला घेऊनच येतो."

"माझ्या मुलासाठी कोणाला मारू नकोस, बाळा. घरी जा."

तो नुसता हसला. सिस्टरला मात्र बाईंचा राग आला. घरचं जळालं तरी हिला चीड कशी येत नाही?

नवव्या दिवशी दुपारी ताप उतरला. "जिंकलं पोरगं," डॉक्टर म्हणाले. बाई पाणी भरायला गेल्या आणि सिस्टरने त्याच्या ओठांवरची पट्टी कात्रीने अलगद कापली. पोराने डोळे उघडले आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा बोललं. दोन-तीन वाक्यं, अगदी हळू.

तिला एक अक्षर कळलं नाही. पण भाषा कळली. गेले नऊ दिवस रेडिओवर तीच भाषा विजयाच्या आरोळ्या ठोकत होती.

ती खाटेपासून मागे सरली. भावाची गाडी संध्याकाळी सुटणार होती. बाहेर जिन्याजवळ बंदूकवाला शिपाई होता, एक हाक मारली की पुरे. ती दाराकडे धावली, तर दारात बाई, हातात तांब्या.

"मावशी," तिचा आवाज चढला, "तो तुमचा मुलगा नाही! तो त्यांच्यातला आहे, बॉम्ब टाकणाऱ्यांतला!"

बाईंनी तांब्या खाली ठेवला, दार लावून घेतलं आणि त्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"पहिल्याच दिवसापासून माहीत आहे मला, सिस्टर. त्याच्या पायाला चिकटलेला त्यांच्या गणवेशाचा तुकडा मीच काढून टाकला. जरा हळू बोला, त्याला आत्ता कुठे उतार पडलाय."