आधीचं कॉलेज

"याआधी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाव होतं?" प्रुइट मॅडमनी विचारलं.

"नाही," मारिसेला म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

विद्यापीठाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. दिवसभर पॅकिंग शेडमध्ये पीच निवडायचे आणि संध्याकाळी या गावातल्या छोट्या कॉलेजात बसायचं, असं करून चार वर्षांत तिने साठ क्रेडिट जमवले होते. विद्यापीठाने ते धरले की थेट तिसरं वर्ष, नर्सिंगचं. एकतीस वर्षांच्या बाईला आणखी काय हवं!

प्रुइट मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. मुलांना असे अर्ज भरून देता देताच त्यांचे केस पिकले होते.

"नीट आठव गं. काही जण चार दिवस जातात आणि नाव न काढताच सोडतात. मग बसतात नापासाचे शिक्के. वर म्हणतात, ते कुठं कॉलेज! अगं, तेही धरतात. आत्ता सांगितलंस तर मी कारण लिहीन, समजून घेतात ती माणसं. पण लपवलंस आणि नंतर सापडलं, तर प्रवेश रद्द. साठच्या साठ पाण्यात. गेल्या वर्षी आपल्या इथून गेलेल्या ड्वेनला भर वर्गातून उठवून घरी पाठवलं."

मारिसेलाला चांगलं आठवत होतं. बारा वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या गावात, फक्त तीन आठवडे. चार विषय, चारही नापास. तो कागद तिने तेव्हाच फाडून टाकला होता. तीन आठवड्यांसाठी माणसाला जन्मभर नापास ठेवतात का कुणी?

"नाही मॅडम. हेच पहिलं."

"मग इथे खूण कर. वरची सगळी माहिती खरी आहे, म्हणून."

तिने केली. मॅडमनी बटण दाबलं. "गेला अर्ज. आता त्याला हात लावता येणार नाही."

तेवढ्यात दार ढकलून तिचे वडील आत आले. पायात बागेतले चिखलाचे बूट, हातात मक्याच्या पानांत उकडलेल्या गरम तमालेंची पिशवी.

"झालं का हो आमच्या पोरीचं?"

"झालं, डॉन युसेबियो. पाठवला."

म्हाताऱ्याला रडूच फुटलं. लंगडत तो टेबलापाशी आला. "मी मेला शिडीवरून पडलो, म्हणून हिचं कॉलेज सुटलं हो तेव्हा. नाहीतर हिला पहिल्यापासून केवढी हौस!" आणि त्याने खिशातून पाकीट काढलं.

"पापा, चला. मॅडमना कामं आहेत." मारिसेला उठली, तिने हात पुढे केला.

पण कोपरे झिजलेलं, तिच्या फोटोचं एक जुनं ओळखपत्र त्याने मॅडमसमोर ठेवलंही होतं. वरचं प्लास्टिक तो बाहीने पुसत होता.

"बघा तरी," तो म्हणाला. "त्या कॉलेजातला पहिला दिवस. कसली हसतेय बघा."