निर्विष चहा

प्राध्यापक विद्यानंद खानोलकरांनी विष तपासण्याच्या कुपीतला थेंब चहात टाकला. तो निळा उजळला, म्हणजे चहा निर्विष होता. विष असते तर प्रकाश लाल झाला असता. तो प्रकाशणारा रेणू खुद्द त्यांनीच आयुष्य वेचून घडविला होता, आणि आता तर देवाच्या नैवेद्यावरही थेंब टाकल्यावाचून कोणी प्रसाद घेत नसे.

तरीही त्यांनी कप उचलला नाही. "हेमांगी, ही कुपी तू बदललीस काय?"

"जुनी संपली, म्हणून नवी उघडली," पत्नी म्हणाली. "जन्मभर माझ्या हातचं खाऊन पोट सुटलं, आणि आता माझ्यावर संशय?"

"संशय नव्हे, हे शास्त्र आहे. कुपीच बनावट असेल, तर निळ्या रंगाला काय अर्थ?"

हेमांगीबाईंनी त्यांचा कप ओढला आणि चहा एका दमात पिऊन टाकला. "झाली परीक्षा? आता विश्वास आहे म्हणा, नाहीतर मी आजच ताईकडे निघाले!"

प्राध्यापकांनी पत्नीचा हात हाती घेतला. तिचा चेहरा निवळला, डोळे भरून आले.

परंतु प्राध्यापक मनातल्या मनात तिची नाडी मोजीत होते.