दोन झडपा

"राहू दे, वहिनी. नको उघडूस," मात्ते म्हणाला.

रिस्टेनने पाना उचलला. वर्षभर ती याच घटकेची वाट पाहत होती. समोर मात्तेची स्नोमोबाईल उभी होती. रिस्टेनचा नवरा आस्लाक गेला त्या मार्चपासून ती या शेडमधून हललीच नव्हती. त्या गाडीकडे मात्ते बघतसुद्धा नाही, असं लोक म्हणत. खाई त्याला खवखवे.

दारात इस्को उभा होता, कळपाचा म्होरक्या. उद्या रेनडियर समुद्राकडे निघायचे होते. मात्तेची जनावरं बरोबर न्यायची की वेगळी काढायची, हे आज ठरणार होतं. वेगळी काढली म्हणजे एकटा माणूस, दोनशे जनावरं आणि लांडगे. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये दरीत आस्लाकची गाडी उलटली आणि मांडीचं हाड बाहेर आलं. तिथे फोन लागत नाही. बरोबर फक्त चुलतभाऊ मात्ते होता. आस्लाकवर कातडी घालून तो मदत आणायला निघाला. रस्त्यापर्यंत साठ किलोमीटर, टणक बर्फ, पाऊण तासाची वाट. त्याला दोन तास लागले. हेलिकॉप्टर पोचलं तेव्हा रिस्टेन विधवा झालेली होती. अर्धा तास आधी आलो असतो तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला.

"वाटेतल्या कुणाच्या तंबूत कॉफी उकळत असेल, ती टाकून कसा निघणार बिचारा," सासू म्हणायची. पेट्रोल पंपावरची माणसं त्याला अडवून विचारायची, "काय मात्ते, आज पोचलास ते कधी निघाला होतास? परवा?" मात्ते हसायचा नाही, भांडायचाही नाही. एवढंच म्हणायचा, "पळाली तेवढी पळवली."

रिस्टेनला मात्र दुसरंच बोचत होतं. इथल्या प्रार्थनाघरात ज्याच्या हातून चुकलं तो उठतो. ज्याचं वाईट केलं त्याच्या गळ्यात पडतो, माफी मागतो. समोरचा ख्रिस्ताच्या नावाने क्षमा केली म्हणतो, आणि मग सगळं घर एका सुरात स्तोत्र धरतं. त्या सुरात दगडालाही पाझर फुटावा. बारा महिने रिस्टेन दर रविवारी क्षमा ओठांवर घेऊन बसली होती. मात्ते शेवटच्या बाकावरून एकदाही उठला नाही.

"भितोस?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"उजेड आहे तोवर आटप, रिस्टेन," इस्को म्हणाला.

कळपातल्या साऱ्या गाड्यांच्या झडपा दर फेब्रुवारीत रिस्टेनच साफ करायची. दुसऱ्या कुणाला ते जमतही नव्हतं. इंजिनातून धूर निघतो त्या वाटेवर या दोन झडपा असतात. वेग चढला की धुराच्या दाबाने छोटासा रबरी भाता फुगतो, झडप वर उचलतो आणि इंजिन मोकळा श्वास घेतं. झडप काजळीने अडकली की गाडी चालते, पण धावत नाही. मात्तेची झडप अडकलेली निघाली तर त्याचं म्हणणं खरं. मोकळी निघाली तर तो वाटेत थांबला होता. हिशेब सरळ होता.

तिने झाकण काढलं, स्प्रिंग बाजूला ठेवली. झडपेचं पान बोटाने ढकललं. ते लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं. काजळीचा कण नाही.

"मोकळी आहे," ती मोठ्याने म्हणाली. आपल्या आवाजातला आनंद ऐकून ती स्वतःच दचकली. इस्को आत आला.

मग तिचं बोट भात्याला लागलं. रबर बुडापासून सुटून लोंबत होतं. त्याला आवळून धरणारी तारेची बारीक कडी जागेवर नव्हती. कडी नसली की भाता कधीतरी एखाद्या चढावर निसटतो, दाब वाया जातो आणि झडप जागची हलत नाही. तिने दुसरं झाकण काढलं. तिथेही कडी नव्हती.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला. हीच गाडी. रेडिओवर प्रवचन चाललं होतं, बोलता बोलता म्हाताऱ्या प्रवचनकाराने स्तोत्र धरलं. दोन्ही कड्या मुठीत घेऊन ती डोळे मिटून गात उभी राहिली. मग डोळे पुसून झाकणं लावली. मे महिन्यात कपडे धुताना एप्रनच्या खिशातून दोन कड्या पडल्या. जादा असतील म्हणून तिने त्या डब्यात टाकल्या.

"काय निघालं?" इस्कोने विचारलं.



"काही नाही," मागून मात्ते म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. मीच थांबलो होतो वाटेत."

इस्कोने एकदा मान हलवली, टोपी कानावर ओढली आणि जायला वळला.

"इस्को, थांब!" रिस्टेन ओरडली. "तो थांबला नव्हता. ही गाडी पळणारच नव्हती. हिला शेवटचा हात माझा लागला होता. कड्या मी बसवल्याच नाहीत."

इस्को शेजारच्या पालथ्या बादलीवर हळूच बसला.

रिस्टेन मात्तेकडे वळली. "तुला ठाऊक होतं."

"आस्लाकला पुरून आलो, त्याच संध्याकाळी उघडून पाहिलं."

"आणि वर्षभर लोकांचं ऐकून घेतलंस? अरे, माझी चूक लपवायचीच होती तर नव्या कड्या बसवायच्या होत्यास! मला जन्मात कळलं नसतं."



"त्या कड्या तुझ्याकडेच मिळतात, वहिनी," मात्ते म्हणाला. "मागायला आलो असतो, तर तू विचारलं असतंस, कशाला हव्यात म्हणून."