दुपारच्या आत

लोटनने सायकलचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. हँडलवरची काच काळीच राहिली.

"बॅटरी बठ्ठी उतरी गयी," तो म्हणाला. बायकोकडे न बघता म्हणाला.

सुनंदाबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. तिने मान वर केली, सूर्य किती वर आलाय ते बघितलं आणि पुन्हा जाळावर फुंकर घातली. सातपुड्याच्या या घळीत मोबाईलला रेंज नव्हती, विजेचा खांब नव्हता. घर खाली चोपड्याकडे, पस्तीस किलोमीटरवर. आणि घरी आज आखाजी होती, अक्षय्य तृतीया.

आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. वर आंबा न् डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, विस्तवावर नैवेद्याच्या घासाची आगारी टाकायची, सगळं दुपारच्या आत. वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर याच दिवशी. ती भरली की तो पितरांत गेला. मग आजा, पणजा यांच्या मागे त्याचंही नाव घ्यायचं. लोटनने बापाची घागर तीस वर्षं भरली होती. आज त्याला भूषणची भरायची होती. भूषण सव्वीस वर्षांचा, एकुलता एक. पौषात त्याला ताप आला आणि आठव्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात तो गेला.

सायकल त्याचीच. विजेवर चालणारी, मागे दोन गोण्या मावतील असं लांब कॅरियर. गावातले तिला बिनचाऱ्याचं खेचर म्हणायचे. तिच्यावर तंबू, भांडी, पाण्याचे कॅन लादून भूषण दर उन्हाळ्यात या घळीत चार दिवस राहून जायचा. घरात पंखा असताना तिकडे काय ठेवलंय, असं लोटन दरवर्षी विचारायचा. पोरगा हसायचा आणि जायचा.

घळीच्या तोंडाशी चंदन पावराचं शेत होतं. भूषणचा तंबू माझ्याकडे पडलाय, पावसाआधी घेऊन जा, असा त्याचा निरोप फाल्गुनातच आला होता. लोटनला तो काल दुपारी आठवला. घरात सांजोऱ्या तळणं चाललं होतं. थोरल्या वहिनी तानुबाई म्हणाल्या, आजच बरं सुचलं तुम्हाला. लोटन सायकल काढून निघाला, तेव्हा सुनंदाबाईने हात धुतले, डोक्यावर पदर घट्ट घेतला आणि मागच्या फळीवर येऊन बसली. सकाळी नऊच्या आत परत येतो, असं तिनेच तानुबाईंना सांगितलं. आपल्यावर नजर ठेवायला ही येतेय, हे लोटनला तेव्हाच कळलं.

तिचं सगळं वेळेवर असायचं. दहावं, तेरावं, महिन्याचं पान, काही चुकलं नाही. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात तक्रार नाही. घागरही तीच कुंभाराकडून आणून बसली होती, बोटाने वाजवून, चीर नाही ना बघून. लोटनचं उलट. त्याला चार महिने काही वाटतच नव्हतं. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढून बघावा, तसं तो अधूनमधून मनात भूषणचं नाव घेऊन बघे. काही होत नसे. फक्त त्या घागरीपुढे बसून बापाच्या नावामागे पोराचं नाव घ्यायचं म्हटलं, की जीभ जड व्हायची.

कॅरियरला भूषणने सायकलच्याच बॅटरीवर चालणारा एक मोठा फोकस लावला होता. काल रात्री तोच तंबू घळीत ठोकून सुनंदाबाई आत झोपल्यावर लोटनने तो नाल्याकडे वळवून सुरू केला. बॅटरी निम्मी होती, सकाळपर्यंत उतरली असती. सागाची उघडी खोडं पांढरीफटक दिसत राहिली. मग त्याला वाटलं, घागर भरेपर्यंत गेलेल्याला पाणी मिळत नाही म्हणतात. आपल्यापायी पोराला तहानलेलं ठेवायचं? आणि हिने एवढं सगळं मांडून ठेवलंय. तासाभराने त्याने फोकस बंद केला आणि तिथेच चटईवर आडवा झाला. पण एका तासातच बॅटरी संपली असावी. आता काच काळी होती, आणि त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, त्याचीच लाज वाटत होती.

तेवढ्यात चंदन वर आला. त्याने सायकल बघितली आणि म्हणाला, एवढंच ना आबा, ट्रॅक्टर आणतो, ट्रॉलीत टाकू, अकराला तुम्ही घरी. लोटनला नाही म्हणायला कारण सापडेना. तो उठून चटई गुंडाळू लागला.

"ऱ्हाऊ दे चंदनभाऊ," सुनंदाबाई म्हणाली. "ऊन चढी गयं. सांजले निंघूत."

तंबूसोबतची सोलर पॅनेलची घडी उन्हात पसरली की संध्याकाळपर्यंत घरापुरती बॅटरी भरेल, हे खरं होतं. पण संध्याकाळी आखाजीची घागर भरत नाहीत, हेही चंदनला ठाऊक होतं. तो दोघांकडे बघत राहिला. मग चहा पिऊन उतरून गेला.

सुनंदाबाईने त्याचा कप विसळला आणि पालथा घातला. घळीत होला घुमत होता. ऊन तंबूच्या दोरीपर्यंत आलं.

लोटनला राहवलं नाही. "रातले फोकस मी लाया व्हता," तो म्हणाला. "घर जावाले नको म्हणून."

"माले माहीत शे." ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. "तुम्ही बंद करीसन झोपनात. मंग मी उठीसन परत लाया."