मागच्या सीटचं वजन

अरुण पिकअप ट्रकच्या मागच्या सीटवर चढून बसला, दार ओढून घेतलं आणि गुडघ्यांपुढे चार बोटं धरून जागा मोजली. तेव्हा रत्नाच्या मनात पाल चुकचुकली. ट्रॉय गावातला हा तिसरा ट्रक-डीलर. तिन्ही ठिकाणी हा माणूस स्टिअरिंगला हात लावायच्या आधी मागे जाऊन बसला होता. कॅम्पर, म्हणजे ते ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन हिंडायला जाणार ते दोघंच. मग मागे बसणार कोण?

तीस वर्षं गाड्यांची सस्पेन्शन बनवून अरुण मार्चमध्ये रिटायर झाला होता. पहिल्याच महिन्यात त्यानं कॅम्पर आणून दारात उभा केला आणि तो ओढायला ट्रक शोधायला आता निघाला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, असं रत्ना त्याला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

"डिझेल घ्या, सर," ब्रेंट नावाचा विक्रेता त्याला इंग्रजीत सांगत होता. "डोंगर ओढून आणेल."

"ओढतात सगळेच," अरुण खाली उतरत म्हणाला. "पेलतो किती ते सांग."

ब्रेंट माहितीपत्रक चाळू लागला. अरुण ड्रायव्हरच्या दाराशी वाकला आणि चौकटीवरचं पिवळं स्टिकर बोट फिरवत वाचू लागला. माणसं, सामान आणि कॅम्परचा जेवढा भार ट्रकच्या पाठीवर येतो तो, सगळं मिळून त्या आकड्याच्या आत बसलं पाहिजे. डिझेलचं इंजिनच जड, म्हणून त्याचा आकडा बावीसशे चाळीस पाउंड. शेजारच्या गॅसवाल्या, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या, ट्रकचा एकतीसशे वीस. अरुण खूश झाला, आणि ब्रेंटला बाजूला करून टॉर्च घेऊन गॅसवाल्याच्या खाली शिरला.

"अरे, पण एवढा मोठा कशाला?" रत्नानं त्याच्या बुटांना विचारलं. "कालच्या लहान ट्रकचा आकडा सोळाशे दहा होता. आपलं एवढं कुठे होतंय?"

"होतंय," खालून आवाज आला. "हिशेब केलाय मी. कागद सीटवर आहे."

रत्नाची उभी हयात फार्मसीत गोळ्या मोजण्यात गेली होती. आकड्यात काही चुकलं तर ते तिच्या डोळ्याला लगेच खुपायचं. तिनं कागद उचलला. कॅम्परचा भार एक हजार पन्नास पाउंड. हूक नव्वद. अरुण एकशे एकाहत्तर. रत्ना एकशे बत्तीस. कुकर, तांदूळ, डाळी, पाण्याचे कॅन मिळून पंच्याण्णव. बेरीज पंधराशे अडतीस. लहान ट्रकवर आरामात बसत होतं की! पण खाली अरुणनं लिहिले होते सतराशे तीन. मधल्या एका ओळीत नाव नव्हतं, नुसता आकडा होता. एकशे पासष्ट.

हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

दर वेळी भारतात जायच्या आधी त्यांचा मुलगा ईशान बॅग कवटाळून बाथरूममधल्या काट्यावर उभा राहायचा आणि काटा वाचून अरुण ओरडायचा, "वजा एकशे पासष्ट!" उरेल ते बॅगेचं वजन. तीन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून ईशाननं मोंटानात वणवे विझवायची नोकरी धरली, तेव्हा अरुण त्याला म्हणाला होता, "माझ्या गाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही." पोरगाही बापाचाच. त्यानं ठेवला नाही, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नव्हतं.

रत्नाला रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. तीन वर्षं तोंड शिवून बसलेल्या या माणसाला लेकाचं वजन मात्र पाठ! तिनं पर्समधून पेन काढलं, एकशे पासष्टवर काट मारली आणि शेजारी नवा आकडा लिहिला.

अरुण कपडे झटकत वर आला. कागद हातात घेऊन त्यानं तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"एकशे ब्याऐंशी? हे कुठून आणलंस?"

"ऑक्टोबरात मी मैत्रिणीकडे शिकागोला गेले होते ना," रत्ना म्हणाली. "तिथून पुढे मोंटानाला गेले. परत निघताना त्यानं माझी बॅग मोजून दिली. काट्यावर उभं राहून."

दोघांकडे आळीपाळीनं बघत ब्रेंट किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता. अरुणनं जुनी बेरीज खोडली, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सावकाश नवी केली, सतराशे वीस, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. पेन परत द्यायला त्यानं हात पुढे केला, पण पेन सोडलं नाही.

"सतरा पाउंड वाढला," तो म्हणाला. "काय खातो काय हा तिकडे?"

रत्नानं फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली.

पलीकडे रिंग वाजत होती.