पाथरवट आला

"पोरी, जहाज दुपारपर्यंतच थांबणार आहे. ऊठ आता," दाई आन्थूसा चौथ्यांदा म्हणाली.

थेक्ला उठली नाही. भाऊ गेला त्याच दिवशी तिने त्रेबिझोंदची गादी बळकावली होती. भावाचा मुलगा वार्दास तेवढा डोंगरात निसटला. आज सतरावा दिवस. पायांत बादशाही लाल जोडे होते, भावाचेच. पुढे कापूस कोंबून घातलेले. दालनात दोनशे माणसं मावतात. होत्या दोघी. ज्या बिशपाने मुकुट घातला तोसुद्धा दुसऱ्या दिवसापासून पोट धरून घरी पडला होता.

"पाथरवट आला की मी इथली," थेक्ला म्हणाली. "नाही आला तर तुझं जहाज."

इथे मुकुट घातला की पाथरवट संगमरवराचे चार तुकडे घेऊन येतो. आपल्या कबरीचा दगड आपणच निवडायचा. तिच्या बापाकडे तो त्याच संध्याकाळी आला होता, भावाकडे दुसऱ्या सकाळी. तो येईपर्यंत शहर कुणाला धनी मानत नाही.

"सतरा दिवसांत तुला कुणी साधी मासळी आणून दिली नाही," आन्थूसा फणकारली, "आणि संगमरवराची वाट बघतेस!"

तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली. म्हातारा निकेतास पाथरवट. खांद्यावर गाठोडं. आत आला, गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं.

थेक्ला ताठ बसली. सतरा दिवसांत तिच्यापुढे वाकलेला हा पहिला माणूस.

"जहाजाला सांग, निघा म्हणावं."

"हट्ट बापाचाच घेतलास," म्हणत आन्थूसाने खिडकीतून पांढरं फडकं हलवलं. शीड फुगलं. बघता बघता जहाज भूशिराआड गेलं.

निकेतासने गाठोडं सोडलं. एक पांढरा. एक हिरव्या शिरांचा. एक राखाडी. थेक्ला सरळ जमिनीवर बसली. पोरीसारखी हसली. हिरव्यावर तिने गाल टेकला, गार होता.

मग तिने गाठोड्यात पाहिलं. "तीनच? चार आणायचे असतात ना?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"चौथा वार्दास महाराजांनी घेतला, बाईसाहेब. काल डोंगरातल्या मठात त्यांना मुकुट घातला. सगळं शहर तिकडेच होतं. तुमचं राहून गेलं होतं. म्हटलं, ते इथे पोचायच्या आत उरकून घ्यावं."