डब्यातलं घड्याळ

वीस वर्षांपूर्वी विश्रामदादांचं चावीचं घड्याळ मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आतली चाकं काळी पडली होती. "कंपनीत घालून जाऊ नका," मी बजावलं. "ॲसिडच्या वाफेनं आतून सडेल."

काल त्यांच्या पत्नी सुलूवहिनी सालवडहून तेच घड्याळ सर्व्हिसिंगला घेऊन आल्या. मागचं झाकण काढलं. आत कुठे डागही नव्हता.

"दादांनी छान जपलंय."

"तुमी बोललात तेव्हापासून घरी डब्यात ठेवूनच ड्युटीला जायचे."

"ते नाही आले?"

"गणपतीत गेले. डॉक्टर बोलले, छाती आतून पार खराब झालेली."

मी तेलाची कुपी उघडली.

"नीट तेल घाला," त्या म्हणाल्या. "प्रणव लागलाय बापाच्या जागी. त्यालाबी बजावलंय, घड्याळ घरीच ठेवून जा."